उरलेले तीन पाय

औलिस हुर्मे वजनमापे खात्यातून निवृत्त झाले तेव्हा खात्याने त्यांना एक किलोचं पितळी वजन भेट दिलं. घरी आल्यावर हुर्मेंनी ते तपासून पाहिलं. चार ग्रॅम कमी भरलं. त्यांनी तसं खात्याला रीतसर कळवलं, आणि त्या वर्षापासून खात्याकडून नाताळचं कार्ड यायचं बंद झालं.

मिक्केली गावातल्या तुओमिपिहा सोसायटीने या माणसाला अकरा वर्षं चेअरमन म्हणून ठेवलं होतं. निवडणूक दर वर्षी व्हायची. मॅनेजरबाई विचारायच्या, आणखी कुणाला उभं राहायचंय का, आणि चोवीस घरांतली माणसं आपापल्या कॉफीच्या कपात अशी टक लावून बघायची, की जणू तळाशी काहीतरी बुडालंय. मग मॅनेजरबाई लिहायच्या, ‘हुर्मे, एकमताने.’ हुर्मेंना या एकमताचा फार अभिमान होता. सगळ्यांना आपणच हवे आहोत आणि दुसऱ्या कुणालाच हे काम नको आहे, यांतला फरक मोजायचं माप त्यांच्या खात्यात नव्हतं.

मिठाचा ठराव ही त्यांच्या कारकिर्दीतली सर्वांत मोठी कामगिरी. तीन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत, भर दुपारी, हातात बेकरीची पिशवी घेऊन येताना हुर्मे अंगणाच्या बरोबर मध्यावर घसरले आणि पाठीवर पडले. चार खिडक्यांचे पडदे हलले. खाली कुणी आलं नाही. पडलेल्या माणसाला ‘तू पडलास ते आम्ही पाहिलं’ हे कळू देणं तुओमिपिहात असभ्य समजतात, आणि हुर्मेही पडल्यापडल्या त्याबद्दल मनातून सगळ्यांचे आभार मानत होते. चार मिनिटांनी ते आपले आपण उठले, पाव गोळा केले, वर गेले आणि ठरावाचा मसुदा लिहायला बसले. अंगणातल्या बर्फावर यापुढे वाळूऐवजी तो वितळवणारं मीठ टाकावं. चौरस मीटरला चाळीस ग्रॅम. जिन्याच्या दारापासून फाटकापर्यंत, अंतर एकतीस मीटर चाळीस सेंटिमीटर.

त्या वर्षीच्या सभेत ठरावावर एकच माणूस बोललं. दुसऱ्या मजल्यावरच्या साइमी कोर्पेला. सत्तरीच्या, जन्मभर बेकरीत पहाटेच्या पाळीला राबलेल्या, घरात माग टाकून चिंध्यांच्या सतरंज्या विणणाऱ्या. त्यांच्याकडे तोपो नावाचा एक आखूड केसांचा, म्हातारा, कुठल्याच जातीचा न ठरणारा कुत्रा होता. बाई उभ्या राहिल्या, म्हणाल्या, “मीठ कुत्र्याच्या पायाला झोंबतं,” आणि बसल्या.

हुर्मेंनी चष्मा पुसला. “कोर्पेलाबाई, कुत्र्याला पाय चार असतात. एकाला झोंबलं तरी तीन उरतात.”

सभेत हशा पिकला. म्हणजे दोघांनी नाकातून जोरात श्वास सोडला. तुओमिपिहाच्या इतिहासात चेअरमनच्या वाक्यावर असं काही पहिल्यांदाच घडत होतं. हुर्मेंनी ते वाक्य इतिवृत्तात घालायला लावलं.

त्या हिवाळ्यात कोर्पेलाबाईंनी आपला मार्ग काढला. दोन सतरंज्या घेऊन खाली यायच्या. एक अंथरायची, तोपोने तिच्यावर चालत जायचं, तोवर दुसरी पुढे अंथरायची, मग मागची उचलून परत पुढे. अंगण ओलांडायला पाव तास लागायचा. हुर्मेंनी खिडकीतून आठवडाभर हे पाहिलं आणि नियमावलीत सातवा नियम घातला: सतरंज्या फक्त धूळ झोडपायच्या चौकटीवर, सोमवार ते शनिवार, सकाळी आठ ते दहा या वेळेतच हाताळाव्यात. त्यात नाव कुणाचंच नव्हतं. हुर्मे व्यक्तिगत टीका करत नसत. त्यानंतर बाई तोपोला उचलून नेऊ लागल्या. तोपो चौदा किलोचा. रोज तीनदा जायचं, तीनदा यायचं.

*

या जानेवारीत हुर्मेंची थोरली बहीण हेल्वी खुब्याचं हाड मोडून वृद्धाश्रमात गेली. तिथे कुत्रे चालत नव्हते. तिने भावाला फोन केला आणि विचारलं नाही, सांगितलं. हुर्मेंनी कारणं काढली. वय, पाठ, गालिचे. हेल्वीने ती शांतपणे ऐकून घेतली.

“औलिस, तू आयुष्यात कुणाला सांभाळलं नाहीस. बायको गेली, तीसुद्धा स्वतःची चहाची बशी विसळून गेली. आता कुत्रा सांभाळ.”

कुत्र्याचं नाव पीस्पा, म्हणजे बिशप. लॅपलंडचा रेनडियर राखणारा वाण. अंग काळं कुळकुळीत, गळ्याशी पांढरा पट्टा, आणि चालताना अख्ख्या चर्चला आशीर्वाद देत निघाल्यासारखा डौल. हुर्मेंनी आल्याआल्या त्याला काट्यावर उभं केलं. एकोणीस किलो चारशे ग्रॅम.

पहिल्याच सकाळी ते त्याला घेऊन खाली उतरले. बाहेर उणे सहा होतं, अंगण नियमाप्रमाणे पांढरं नव्हे तर काळंभोर, ओलं आणि चकचकीत. हुर्मेंनी समाधानाने पाहिलं. चौरस मीटरला चाळीस ग्रॅम. पीस्पा दहा-बारा पावलं चालला आणि थांबला. पुढचा डावा पंजा त्याने वर उचलला. मग तो टेकवून उजवा उचलला. मग मागचा. हुर्मेंनी दोरी ओढली. त्यांना वाटलं, बहिणीचा कुत्रा, हट्ट असणारच. पीस्पाने आळीपाळीने चारही पाय उचलून पाहिले, चारही एकदम उचलता येत नाहीत हे त्याच्या लक्षात आलं, आणि मग तो हुर्मेंच्या बुटांवर चढून उभा राहिला.

तेवढ्यात कोर्पेलाबाई तोपोला छातीशी धरून शेजारून गेल्या. मान हलवून “सुप्रभात” म्हणाल्या. बाकी काही नाही. पण त्यांनी पीस्पाच्या वर उचललेल्या पायाकडे पाहिलं, मग हुर्मेंकडे पाहिलं, आणि फाटकाबाहेर पडल्या. हुर्मेंचे कान लाल झाले. थंडी असेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

घरी येऊन पीस्पाने पाय चाटले, तासाभरात गालिच्यावर ओकला, आणि चौथ्या दिवशी पुढच्या डाव्या पंजाने लंगडू लागला. जनावरांची डॉक्टरीण तरुण होती. तिने पंजा उजेडात धरला, बोटांच्या फटी उघडून दाखवल्या. आत लाल चीर पडली होती.

“यांच्या बोटांमधे केस फार. त्यात बर्फाचे गोळे होतात, मीठ अडकतं. केस कात्रीने कमी करा. बाहेरून आलं की कोमट पाण्यात पाय धुवा, नीट पुसा, मलम लावा. बूट घालून बघा. पण खरं औषध म्हणजे मिठावरून चालवायचंच नाही. चीर आत गेली तर महिनोन्महिने चिघळत राहील. एवढं मीठ टाकतं तरी कोण?”

“सोसायटी,” हुर्मे म्हणाले.

जखमेवर मीठ चोळणं म्हणजे काय ते हुर्मेंनी आजवर पुस्तकात वाचलं होतं. आता ते रोज, दिवसातून तीनदा, स्वतःच्या सहीने चोळलं जाताना पाहत होते.

त्यांनी बूट आणले. चार, लाल, पट्ट्यांचे. ते चढवायला सोळा मिनिटं लागायची आणि झटकायला पीस्पाला चार सेकंद. फाटकापर्यंत पोचेस्तोवर एक तरी बूट कुठल्या तरी ढिगाऱ्यात गेलेला असायचा. दुसऱ्या दिवशी तो जिन्यातल्या फलकावर टाचणीने लटकलेला दिसायचा, खाली चिठ्ठी: ‘सापडला. एक. लहान.’ मालक कोण हे चोवीस घरांना माहीत होतं. विचारलं कुणीच नाही. हुर्मे सगळे कामावर गेले की खाली येऊन तो गुपचूप काढून न्यायचे.

मग त्यांनी उचलून न्यायला सुरुवात केली. एकोणीस किलो चारशे ग्रॅम, एकतीस मीटर चाळीस सेंटिमीटर. तिसऱ्या दिवशी त्यांची कंबर धरली. एकदा तर अंगणाच्या मध्यावर समोरून कोर्पेलाबाई आल्या, त्यांच्या हातात तोपो, यांच्या हातात पीस्पा. दोन कुत्र्यांनी माणसांच्या खांद्यांवरून एकमेकांना हुंगून घेतलं. माणसं हवामानाबद्दल बोलली.

खरं तर एका फोनचं काम होतं. सफाईवाल्या कंपनीला सांगायचं, उद्यापासून मीठ नको, वाळू टाका. हुर्मेंनी दोनदा फोन हातात घेतला. पण इतिवृत्तात ते वाक्य होतं. ठराव मागे घ्यायचा तर कारण द्यावं लागणार, आणि कारण तर तीन वर्षांपूर्वीच एका बाईने एका वाक्यात देऊन ठेवलं होतं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात ते खरं. पण कळलं हे कबूल करायला आणखी निराळंच काहीतरी जळावं लागतं, आणि हुर्मेंचं ते अजून जळलं नव्हतं.

*

तेव्हा त्यांनी निनावी चिठ्ठी लिहायचं ठरवलं.

तुओमिपिहात तोंडाने तक्रार कुणी करत नाही. फलकावर चिठ्ठी लागते. कपडे धुण्याच्या खोलीत कुणी मोजे विसरलं, सॉनात, म्हणजे वाफेच्या खोलीत, कुणी ठरल्यापेक्षा सहा मिनिटं जास्त बसलं, की दुसऱ्या दिवशी चिठ्ठी. हुर्मेंचा हिशेब सरळ होता. रहिवाशांची भावना म्हणून चिठ्ठी लागेल. कमिटीत विषय निघेल. चेअरमन आधी ठाम राहतील, मग लोकभावनेपुढे उदारपणे मान तुकवतील. वाळू येईल. कुणाचंच काही बिघडणार नाही.

हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून त्यांनी डाव्या हाताने लिहिलं. ‘अंगणातल्या मिठाने मुक्या जनावरांचे पाय फाटत आहेत. बोटांच्या फटीतल्या केसांत ते अडकतं आणि चिघळतं. चेअरमनना दोन पाय आहेत म्हणून त्यांना चार पायांचं दुःख कळत नाही काय.’ शेवटचं वाक्य कठोर होतं, पण खरेपणा यायला हवा होता. शेवटी प्रश्नचिन्ह त्यांनी मुद्दाम गाळलं, म्हणजे आपल्यासारख्या काटेकोर माणसावर संशयाला जागाच नको. त्या गाळलेल्या प्रश्नचिन्हापायी त्यांना दोन दिवस नीट झोप लागली नाही.

चिठ्ठी सकाळी आठला लागली. साडेआठला ती वेइक्को सार्कींनी उपटली.

सार्की तळमजल्यावर राहायचे. गाडी शिकवण्यात चाळीस वर्षं गेली होती, आणि शेजारच्या सीटवर बसून ब्रेक दाबायची सवय अजून सुटली नव्हती. कमिटीत ते हुर्मेंचा उजवा हात. संध्याकाळी पाचला ते चिठ्ठी प्लास्टिकच्या पाकिटात घालून हुर्मेंच्या दारात उभे. पीस्पाला आतल्या खोलीत कोंडून हुर्मेंनी दार उघडलं.

सार्कींनी दाराच्या चौकटीकडे पाहिलं आणि म्हणाले की आपण लोक कमी बोलतो, पण याचा अर्थ आपल्याला चेअरमनची किंमत नाही असा कुणी काढू नये. हुर्मे म्हणाले, चिठ्ठीत थोडंफार तथ्य असू शकेल. सार्कींनी हात वर केला.

“तुम्ही मोठ्या मनाचे आहात, हुर्मे. म्हणूनच लोक डोक्यावर बसतात. पण आम्ही आहोत ना.”

आणि ते खरोखरच होते. अकरा वर्षांत ज्या कमिटीला एक बल्ब बदलायला दोन बैठका लागायच्या, ती कमिटी तीन दिवसांत पेटून उठली. चेअरमनचा अपमान हा सोसायटीचा अपमान. ठरावाचा मसुदाही तयार झाला: मीठ चाळीसवरून साठ ग्रॅम करावं, आणि कुत्र्यांनी यापुढे पुढच्या अंगणात येऊच नये, कचऱ्याच्या खोलीमागच्या पायऱ्यांनी जावं. त्या पायऱ्यांवर नोव्हेंबर ते एप्रिल बर्फ काढत नसत. तिथून स्वतः कचरेवालेही जात नव्हते. लिहिणारं कोण, हे तर उघडच होतं. मिठाविरुद्ध आजवर एकच तोंड उघडलं होतं.

हुर्मे बैठकीत म्हणाले, पुरावा नाही. सार्कींनी त्यांच्याकडे अशा कौतुकाने पाहिलं की हुर्मेंना पुढे बोलवेना.

*

वार्षिक सभा मार्चच्या पहिल्या गुरुवारी, सॉनाशेजारच्या खोलीत, दुपारी दोनला भरली. कॉफी होती, वेलदोड्याचे पाव होते. हजर अठरा. बाहेर झगझगीत ऊन, आणि पीस्पाचा डावा पंजा पट्टीत. सकाळी डॉक्टरणीने स्पष्ट सांगितलं होतं, आणखी पंधरा दिवस असंच चाललं तर बोट वाचेल याची खात्री देत नाही. मागच्या पायऱ्यांनी लंगड्या कुत्र्याला नेणं शक्य नव्हतं, आणि एक्काहत्तराव्या वर्षी त्याला उचलून नेणंही. हेल्वीने फोनवर विचारलं होतं, बिशप कसे आहेत. हुर्मे म्हणाले होते, आशीर्वाद देतात.

सातवा विषय आला. सार्की उठले, प्लास्टिकचं पाकीट वर धरलं आणि चिठ्ठी मोठ्याने वाचली. वाचताना प्रश्नचिन्ह नसलेल्या वाक्याशी ते अडखळले. मग सार्की म्हणाले की आपल्याकडे कुणावर बोट दाखवायची पद्धत नाही, आणि कोर्पेलाबाईंकडे वळले.

“साइमी, हे तुमचं आहे का?”

सगळ्यांनी कपात पाहिलं. कोर्पेलाबाईंनी आपला पाव खाली ठेवला, बोटांवरची साखर झटकली.

“माझं असतं तर खाली नाव असतं. मला जे बोलायचं होतं ते मी तीन वर्षांपूर्वी इथंच उभी राहून बोलले. तेव्हा तुम्ही नाकातून हसलात.”

“म्हणजे नाही?”

“म्हणजे नाही.”

अठरा जणांपैकी पंधरा जणांनी मनातल्या मनात बाईंना खोटं ठरवलं, हे हुर्मेंना स्पष्ट दिसत होतं. सोळावे सार्की होते, त्यांनी ते आधीच ठरवलं होतं. बाईंनी हुर्मेंकडे पाहिलंही नाही. पाहिलं असतं तर कदाचित ते बसूनच राहिले असते. माणूस नजरेला नजर भिडली की चिडतो. पण बाई खिडकीतून अंगणाकडे पाहत होत्या, आणि त्यांचा उजवा हात टेबलावर सवयीने असा वाकलेला होता, की जणू तोपो अजून त्यावर आहे.

हुर्मे उठले. “ती चिठ्ठी माझी आहे.”

कुणीतरी चमचा खाली ठेवला.

“मी लिहिली. डाव्या हाताने. माझ्याकडे जानेवारीपासून कुत्रा आहे, तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे, तुम्हीच त्याचे बूट लटकवता. त्याचे पाय फाटलेत. कोर्पेलाबाई तेव्हा बरोबर होत्या, आणि मी… मी मोजायला चुकलो.”

अकरा वर्षांत चेअरमन इतकं सलग, नियमावलीचा आधार न घेता, बोलले नव्हते. सभेने ते ऐकलं. मग सार्कींनी खिशातून रुमाल काढला आणि नाक शिंकरलं.

“याला म्हणतात माणूस,” ते जाड आवाजात म्हणाले. “एका बाईची अब्रू जाऊ नये म्हणून स्वतःच्या अंगावर घेतो.”

“मी काही अंगावर घेत नाहीये. मी लिहिलंय.”

“अर्थात. आम्ही सगळे तसंच मानून चालू.”

हुर्मेंनी कागद मागितला. मॅनेजरबाईंकडून पेन घेतलं, डाव्या हातात धरलं आणि सगळ्यांसमोर तेच वाक्य लिहू लागले. पण सभेला ते पाहवेना. एवढा मानी माणूस, भर सभेत, असा वाकडी अक्षरं गिरवतोय. सगळ्यांनी सभ्यपणे तोंडं फिरवली. कुणी छताकडे, कुणी सॉनाच्या वेळापत्रकाकडे. तीन वर्षांपूर्वी ते अंगणात पडले होते तेव्हा पडदे जितक्या आदराने हलून स्थिर झाले, तितक्याच आदराने. हुर्मेंनी कागद वर धरला. तो पाहणारं माणूस त्या खोलीत एकच होतं, आणि त्या बाईंना पुराव्याची गरज नव्हती.

ठराव मताला टाकला. सोळा बाजूने, दोन विरुद्ध. इतिवृत्तात नोंद झाली: ‘विरुद्ध मतांपैकी एक चेअरमनचे, सौजन्यापोटी.’ त्यानंतर आठवा विषय, चेअरमनची निवड. हुर्मेंनी उभं राहणार नाही म्हणून सांगितलं. सगळ्यांनी कपात पाहिलं. हुर्मे, एकमताने.

*

खोलीबाहेर कोट चढवताना कोर्पेलाबाई त्यांच्याशेजारी उभ्या होत्या. हुर्मे म्हणाले की मला वाटतं तुम्ही तरी माझ्यावर विश्वास ठेवलात.

“विश्वास कसला. पहिल्या दिवशीच ओळखलं मी. बोटांच्या फटीतले केस म्हणे. आमच्या तोपोच्या पायाला फटीत काय, पाठीवरसुद्धा धड केस नाहीत. एकानं तरी विचारायचं होतं.”

“मग तुम्ही सभेत बोलला का नाहीत?”

“तुम्ही किती वेळ बसून राहता ते बघत होते.” बाईंनी टोपी कानांवर ओढली. “बराच वेळ बसलात.”

हुर्मे म्हणाले, माफ करा. हा शब्द त्यांनी पूर्वी फक्त गर्दीतून वाट काढताना वापरला होता, त्यामुळे तो थोडा तसाच निघाला.

“तीन वर्षं उचलून नेतेय मी,” बाई म्हणाल्या. “माफीनं माझ्या खांद्याची कळ उतरणार नाही. उद्या पावणेदहाला खाली या. सतरंज्या मी आणते. वाकायचं तुम्ही.”

“पण आजचा ठराव, आणि सातवा नियम—”

बाईंनी नुसतं पाहिलं. हुर्मेंनी वाक्य तिथेच सोडलं.

दुसऱ्या दिवशी पावणेदहाला, लख्ख उन्हात, तुओमिपिहाचे चेअरमन अंगणात गुडघ्यावर बसले. पुढे निळ्या-तांबड्या पट्ट्यांची सतरंजी अंथरायची, पीस्पा आणि तोपो तिच्यावरून जाईपर्यंत थांबायचं, मागची ओढून पुढे टाकायची. मीठ आता साठ ग्रॅम होतं. त्यांच्या पँटीचे गुडघे ओले होऊन कातडीला चरचरू लागले. बाई दोन्ही कुत्र्यांच्या दोऱ्या धरून रिकाम्या हाताने चालत होत्या आणि अधूनमधून सांगत होत्या, डावीकडे, जरा सरळ, घडी पडली. पीस्पा तर जन्मभर याचीच वाट पाहत असल्यासारखा चालला. चार पडदे हलले. मग आणखी सहा.

त्याच दुपारी फलकावर चिठ्ठी लागली. ‘कुत्रे मागच्या पायऱ्यांनी न्यावेत. सतरंज्या फक्त चौकटीवर हाताळाव्यात. नियम ७. काहींना वाचता येत नाही काय.’ हुर्मेंनी ती दोनदा वाचली. नियम चांगला लिहिला होता, त्यात शंका नव्हती. त्यांनी खिशातून पेन काढलं, शेवटी प्रश्नचिन्ह घातलं, आणि खाली उजव्या हाताने, सरळ अक्षरात लिहिलं: ‘वाचता येतं. उद्याही अंथरणार आहे. औलिस हुर्मे, दुसरा जिना, चौथा मजला.’

अर्ध्या तासात सार्की दारात. हातात प्लास्टिकचं पाकीट.

“आता हद्द झाली. तुमच्या नावाची खोटी सही करण्यापर्यंत मजल गेलीय.”

हुर्मे स्वयंपाकघरात जमिनीवर बसले होते. पुढ्यात कोमट पाण्याचं भांडं, त्यात पीस्पाचा पंजा, शेजारी कात्री आणि मलमाची डबी. ते म्हणाले, सही माझीच आहे. सार्की म्हणाले, तुम्ही असंच म्हणणार हे मला माहीत होतं. हुर्मेंनी टॉवेल पुढे केला.

“बसा. पाय धरा.”

सार्की बसले, कारण चेअरमनने सांगितलं होतं. त्यांनी टॉवेल पसरला. पीस्पाने विचार केला आणि ओला पंजा त्यांच्या तळहातावर ठेवला. हुर्मेंनी पट्टी सोडली, बोटांची फट हळूच उघडली. आतली चीर लाल होती, कडांना पांढरी. पीस्पा हलला नाही, फक्त कान मागे गेले.

“हे कशानं?” सार्कींनी विचारलं.

“मिठानं.”

सार्कींनी चीर पाहिली. मान वाकडी करून दुसऱ्या बाजूने पाहिली. मग जमिनीवर टेकलेल्या बाकीच्या पायांकडे एकेक करून पाहिलं, गाडीची चाकं तपासावीत तसं. आपल्या चेअरमनला या घटकेला काहीतरी धीराचं बोलायला हवं, हे त्यांना आतून जाणवलं असावं.

“पण बाकीचे तीन,” ते म्हणाले, “तसे बरे दिसताहेत की.”